विषय कुणाचा, हात कुणाचा

कॅनडातली इनुइट चित्रकार ॲनी पूटूगूक हिने २००५ साली एक भलंमोठं चित्र काढलं. विषय काय, तर गावच्या दुकानातला फ्रीझर. काचेच्या दारांची कपाटं ओळीने उभी, आत गोठवलेल्या खाण्याची पाकिटं आणि समोर गावची माणसं. सामान म्हणजे शाईचं पेन आणि रंगीत पेन्सिली. कागद मात्र माणूस आडवा झोपला तरी उरेल एवढा. ज्या गावात हिवाळ्यात दाराबाहेर ठेवलेलं काहीही आपोआप दगड होतं, तिथे माणसं विजेवर चालणाऱ्या थंड कपाटापुढे उभी आहेत. ॲनीने त्यावर काही भाष्य केलेलं नाही. प्रत्येक वस्तू सारख्याच निगुतीने रेखली आहे. चित्राचं नाव ‘केप डॉर्सेट फ्रीझर’.

केप डॉर्सेट हे त्या गावाचं नकाशावरचं जुनं नाव. गावकऱ्यांनी मतदान घेतलं आणि २०२० पासून गाव अधिकृतपणे आपलं मूळ नाव लावतं: किंगाइत, म्हणजे डोंगर. कॅनडाच्या उत्तरेला, नुनावुत प्रदेशात, बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेल्या एका छोट्या बेटावर हे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आत, बाहेरून येणारा रस्ता नाही. आणि या एवढ्याशा गावातून गेली साठाहून अधिक वर्षं चित्रं, छाप (म्हणजे ठशावरून कागदावर उतरवलेली चित्रं) आणि दगडी शिल्पं जगभर जात आहेत.

फ्रीझरचं चित्र पाहून बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न येतो. हे इनुइट चित्र कसं? अस्वल कुठे आहे? सील, इग्लू, ढोल वाजवणारा शामान, म्हणजे मांत्रिक, कुठे आहे? (आपल्या भूगोलाच्या पुस्तकातही ‘एस्किमो’ म्हटलं की इग्लूच असायचं. एस्किमो हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, एकट्या माणसाला इनुक.) हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण त्यामागे एक मागणी दडलेली असते, आणि तिचा मला मनापासून राग येतो. ती मागणी अशी की तुम्ही आमच्यासारखे दिसू नका. तुमच्या घरात टीव्ही असला तरी चित्रात आणू नका. आम्हाला तुमचे आजोबा हवेत, तुम्ही नकोत.

ही मागणी आली कुठून, ते पाहायला हवं. १९४८ साली जेम्स ह्यूस्टन नावाचा एक तरुण कॅनेडियन चित्रकार उत्तर क्वेबेकमधल्या इनुकजुआकला गेला. तिथल्या लोकांनी कोरलेल्या लहान मूर्ती त्याने मॉन्ट्रियलला आणल्या. १९४९ साली तिथल्या हस्तकला संस्थेने त्यांचं प्रदर्शन भरवलं आणि बघता बघता सगळा माल संपला. त्या काळात कोल्ह्याच्या कातड्यांचे भाव कोसळले होते. फासे लावून पोट भरणाऱ्या कुटुंबांची उपासमार चालली होती. कोरीव कामाने त्यांच्या हातात रोख पैसा आला, हे कुणी नाकारू नये. पुढे ह्यूस्टन जपानला जाऊन छापाचं तंत्र शिकून आला आणि १९५९ पासून किंगाइतच्या सहकारी संस्थेचा छापांचा वार्षिक संग्रह निघू लागला. सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. गावाने मिळून संस्था काढायची, मालाला एकत्र बाजार मिळवायचा, नफा गावात ठेवायचा. आजही त्या संस्थेचं दुकान आणि स्टुडिओ दोन्ही चालू आहेत.

पण बाजार दक्षिणेत, म्हणजे कॅनडाच्या मोठ्या शहरांत होता, आणि काय चालेल ते दक्षिण ठरवत होती. १९६१ साली कॅनडा सरकारने एक कला परिषद नेमली. कुठले छाप विक्रीला जायचे आणि कुठले नाही, हे ती बघायची. सुरुवातीच्या वर्षांत तिच्यात एकही इनुक नव्हता. म्हणजे चित्र काढायचं किंगाइतच्या पिट्सिओलाक आशूनाने, आणि ते पुरेसं इनुइट आहे की नाही याचा निकाल द्यायचा राजधानी ओटावातल्या टेबलाभोवती बसलेल्या मंडळींनी. परिषद १९८९ साली बंद झाली. ती सवय मात्र दालनांत, संग्राहकांच्या घरांत आणि विमानतळावरच्या दुकानांत अजून शाबूत आहे.

पिट्सिओलाक ही ॲनीची आजी. १९०४ च्या आसपास जन्मली, तंबूत आणि बर्फाच्या घरात वाढली. नवरा गेला, पोरं पदरात होती, आणि पोटासाठी तिने पन्नाशीच्या पुढे पेन्सिल हातात घेतली. त्यानंतर आठ हजारांच्या वर चित्रं काढली. बोटीतून निघालेलं कुटुंब, कातडी शिवणाऱ्या बाया, पक्षी, खेळणारी मुलं. ही चित्रं जुन्या दिवसांची आहेत म्हणून ती ‘खरी’ असं आपण म्हणतो. पण ती खरी आहेत याचं कारण वेगळं आहे. ते दिवस तिने स्वतः काढले होते. ती पुराणकथा रंगवत नव्हती, आपलं आयुष्य सांगत होती.

तिची मुलगी नापाची. तिनेही आधी बाजाराला रुचतील अशी चित्रं काढली. मग नव्वदच्या दशकात तिने जुन्या दिवसांची दुसरी बाजू कागदावर उतरवली. मनाविरुद्ध लावलेली लग्नं, उपासमार, सामानाच्या बदल्यात जहाजावरच्या माणसांच्या हवाली केलेल्या बायका. हेही ‘पारंपरिक जीवन’च होतं, पण दिवाणखान्यात लावण्याजोगं नव्हतं. त्यातलं फारच थोडं वार्षिक छापांच्या संग्रहापर्यंत पोचलं. म्हणजे भूतकाळ हवा असं म्हणणाऱ्या बाजाराला भूतकाळसुद्धा सगळा नको होता. त्यातला शोभिवंत भाग तेवढा हवा होता.

आणि मग ॲनी, १९६९ साली जन्मलेली. तिच्या आधीच्या पंधरा-वीस वर्षांत सगळं पालटलं होतं. विखुरलेल्या छावण्या मोडून लोक सरकारी वस्त्यांत आले होते, मुलं शाळेत घातली गेली होती, कुत्र्यांच्या गाड्यांची जागा स्नोमोबाइलने घेतली होती. ॲनी प्लायवूडच्या घरात वाढली. म्हणून तिने प्लायवूडचं घर काढलं. भिंतीवरचं घड्याळ, बटणांची पाटी, दाराशी काढून ठेवलेले बूट. जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर कच्चं सीलचं मांस मांडलेलं आणि भोवती बसून खाणारं कुटुंब. दुसऱ्या एका चित्रात टीव्हीवर कार्टून चालू आहे. ही चित्रं जरा वेळ बघत राहिलं की लक्षात येतं, तिच्या लेखी सील आणि टीव्ही यांच्यात भांडण नाही. पुठ्ठ्यावरचं सील जितकं इनुइट, तितकंच भिंतीवरचं घड्याळ. विसंगती दिसते ती बाहेरून बघणाऱ्याला, कारण तो मनात एक चित्र ठरवूनच आलेला असतो.

तिने आजीचा चष्माही काढला. जाड काळ्या काड्यांचा. डोळे सतत कागदाशी नेणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा चष्मा. मला विचाराल तर पिट्सिओलाक आणि ॲनी यांच्यातलं नातं सांगायला तेवढं एक चित्र पुरे आहे. आजीने जे पाहिलं ते आजीने काढलं, नातीने जे पाहिलं ते नातीने काढलं. परंपरा जर कशाला म्हणायची असेल तर याला म्हणावी.

इनुक्टिटुट भाषेतही मला याचा आधार दिसतो. कोरीव कामासाठी आणि एकूण कलेसाठी त्यांच्याकडे ‘सनान्ग्वाक’ या धातूवरून आलेले शब्द आहेत. अर्थ साधारण असा, की खऱ्या वस्तूची प्रतिकृती घडवणं. खरी वस्तू कुठल्या शतकातली हवी, अशी अट त्या शब्दात नाही.

आता यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ॲनीने दारूच्या फोडलेल्या बाटल्या काढल्या, बायकोवर लाकूड उगारलेला नवरा काढला. त्याच चित्रांवर दक्षिणेतल्या समीक्षकांच्या उड्या पडल्या. मग हेही बाजाराचंच नवं चोचलं नाही का? आधी अस्वल हवं होतं, आता दुःख हवं. आक्षेपात तथ्य आहे. कॅटलॉगात पुन्हा पुन्हा छापली गेली ती तिची भीषण चित्रं. जेवण, खरेदी, झोप, पत्ते असली शांत चित्रं मागे राहिली. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ॲनीने मारहाणीचं चित्र काढायला नको होतं, हा नक्कीच नाही. ते तिचं जगणं होतं आणि ते मांडायला छाती लागते. निष्कर्ष एवढाच, की विषय निवडायचा अधिकार बघणाऱ्याकडे गेला की अस्वल मागितलं काय आणि जखम मागितली काय, दोन्ही हुकूमच.

दगडाच्या बाबतीत हा हुकूम अधिक कडक आहे. आपण सरसकट सोपस्टोन म्हणतो, पण किंगाइतचे कोरणारे बहुतेक सर्पेंटाइन वापरतात. हिरवट, काळपट, सोपस्टोनपेक्षा पुष्कळ टणक. तो खाणीवरून आणायचा म्हणजे उन्हाळ्यात बोटीने नाहीतर हिवाळ्यात बर्फावरून लांबचा प्रवास, जोखमीचा. मग घराबाहेर किंवा शेडमध्ये, उणे तीस अंशांत, तोंडाला फडकं किंवा मास्क बांधून ग्राइंडर चालवायचा. दगडाची पूड फुप्फुसात जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर कानस आणि पाणी लावून पॉलिशपेपर, दगड आरशासारखा चकाकेपर्यंत. एवढं करून संस्थेत न्यायचं, तिथे भाव ठरतो आणि पैसे हातात येतात. ज्याला आज संध्याकाळी घरात किराणा न्यायचा आहे, आणि तोही उत्तरेतल्या चढ्या दरांत, तो खपणारं अस्वल कोरेल यात त्याची काय चूक? नाचणाऱ्या अस्वलांसाठी जगभर ओळखला गेलेला पाउता साइला किंगाइतचाच, आणि त्याची अस्वलं बघताना जीव आनंदाने भरून येतो. अस्वलाशी माझं भांडण नाही. अस्वलाशिवाय दुसरं काही मागायचंच नाही, या हट्टाशी आहे.

त्या हट्टाला दगडातूनच उत्तर देणारी बाई म्हणजे ओविलू तुनिली. १९४९ चा जन्म. लहानपणी क्षय झाला म्हणून तिला हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेतल्या मॅनिटोबा प्रांतातल्या रुग्णालयात नेलं. पन्नासच्या दशकात असं घडणं अपवाद नव्हतं. १९५६ साली दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या रुग्णालयात उपचार घेत होता. घरी परतेपर्यंत ती आपली भाषा विसरत आली होती. पुढे तिने दगडात ते दिवस कोरले. आईबापांपासून तुटलेली मुलगी आणि भोवती परक्या बायका. उंच टाचांचे बूट घातलेली स्त्री कोरली. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू कोरला. त्याच सर्पेंटाइनात, त्याच किंगाइतमध्ये. हे काम अस्वलाच्या शेजारी ठेवून बघावं. दोन्हींत दगडाची समज सारखी आहे. मग एकाला ‘अस्सल इनुइट’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘आधुनिक प्रयोग’, हे कुठल्या न्यायाने?

माझं म्हणणं सरळ आहे. अस्सलपणा विषयात शोधू नये, हातात शोधावा. काम इनुक माणसाने केलं आहे का, तो कोण, त्याचं नाव काय, एवढे तीन प्रश्न पुरतात. चौथा प्रश्न विचारायचा हक्क विकत घेणाऱ्याला नाही. गंमत म्हणजे सरकारने १९५८ साली नकली मालाला आळा घालायला जी इग्लूच्या चित्राची चिठ्ठी सुरू केली, ती एवढंच सांगते. हे काम इनुइट हाताचं आहे, बस. २०१७ साली ती चिठ्ठी देण्याचा अधिकार इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आला. एखादी वस्तू इनुइटांची आहे की नाही, हे आता इनुइटांची संस्था सांगते. व्हायला साठ वर्षं लागली, पण झालं ते योग्य झालं.

नावाचंही तसंच. जुन्या मूर्ती उलटून पाहिल्या तर कित्येकांच्या तळाशी नावाऐवजी क्रमांक कोरलेला दिसतो. इनुइटांना आडनावं नसायची, आणि एकच नाव अनेकांना असायचं. कारकुनांची सोय व्हावी म्हणून १९४१ पासून सरकारने प्रत्येकाला गळ्यात घालायला क्रमांकाची चकती दिली. किंगाइतकरांचे क्रमांक ‘ई ७’ ने सुरू व्हायचे. माणसाने स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूवर सही म्हणून सरकारी चकतीचा आकडा कोरावा, हे वाचताना आजही गलबलून येतं. विनिपेगच्या कलादालनाने २०२१ साली ‘कौमाजुक’ नावाचं इनुइट कलेचं स्वतंत्र केंद्र उघडलं. तिथे तीन मजली काचेच्या कोठारात हजारो दगडी शिल्पं मांडली आहेत, आणि पहिलं प्रदर्शन इनुइट क्युरेटरांनीच रचलं. संग्रहालयांनी हे करायलाच हवं होतं. पण नाव देऊन काम संपत नाही.

हात महत्त्वाचा, असं एकदा मान्य केलं की पैशाचा हिशेबही हाताच्या मागे जायला हवा. किंगाइतच्या केनोजुआक आशेवाकने १९६० साली एक घुबड काढलं, ‘द एन्चांटेड आउल’. पिसं सूर्यकिरणांसारखी चहूकडे फाकलेली. त्याचे ५० छाप निघाले. १९७० साली ते टपालाच्या तिकिटावर आलं आणि कॅनडातल्या शाळकरी पोरालाही पाठ झालं. त्या देशातल्या चित्रकारांची संघटना सांगते की मूळ विक्रीत या छापाची किंमत २४ डॉलर होती. पुढे लिलावात त्याच्या एका प्रतीने दीड लाख डॉलर ओलांडले. या मधल्या वाढीतून केनोजुआकला कायद्याने एक सेंटही मिळणार नव्हता. घुबड मोठं झालं ते तिच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या कामामुळे, तिच्या नावामुळे. फायदा मात्र ज्याच्या कपाटात ते पडून होतं त्याचा.

फ्रान्सने १९२० सालीच पुनर्विक्रीत चित्रकाराचा वाटा कायद्यात आणला. ब्रिटनमध्ये तो २००६ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०१० पासून, पाच टक्के. ऑस्ट्रेलियाचा दाखला इथे सगळ्यात जवळचा, कारण तिथे हा वाटा मिळणाऱ्यांत आदिवासी चित्रकारांची संख्या मोठी आहे. कॅनडातले चित्रकार असाच पाच टक्के वाटा वर्षानुवर्षं मागत आहेत आणि आश्वासनांवर त्यांची बोळवण होत आली आहे. विक्रेते म्हणतात, यामुळे पहिल्या विक्रीचा भाव पडेल. मला हे पटत नाही. लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीच्या अंतिम किमतीवर जी वरकड दलाली घेतं, ती पाच टक्क्यांच्या कितीतरी वर असते, आणि तिने बाजार बुडालेला नाही. माग काढणं अवघड, हेही कारण किंगाइतच्या बाबतीत टिकत नाही. १९५९ पासूनच्या प्रत्येक छापाची नोंद आहे, प्रतींची संख्या ठरलेली आहे, काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव लिहिलेलं आहे. इतका चोख हिशेब फार थोड्या चित्रकारांच्या कामाचा सापडेल.

इथे आपल्याकडचा अनुभव उपयोगी पडावा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३ अ हे कलम आलं. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर निर्मात्याला किंवा वारसांना जास्तीत जास्त दहा टक्के वाटा. कागदावर हे कॅनडाच्या मागणीच्या दुप्पट उदार आहे. मुंबईतल्या लिलावांत कोटींच्या बोली लागतात, पण या कलमाने कुणा चित्रकाराच्या घरी पैसे आले असं सहसा ऐकू येत नाही. कारण वाटा आपोआप चालत येत नाही. तो गोळा करणारी संस्था लागते, विक्रीची माहिती देणं बंधनकारक करावं लागतं. कॅनडाने कायदा करताना हे आधीच पक्कं करावं, नाहीतर नुनावुतच्या चित्रकारांच्या हातीही आपल्यासारखं नुसतं कलम येईल.

पाच टक्क्यांनी ॲनी वाचली असती, असा दावा मी करणार नाही. तिला २००६ साली कॅनडाचा मानाचा सोबी पुरस्कार मिळाला, ५०,००० डॉलरचा. पुढच्याच वर्षी जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या कलाप्रदर्शनात तिची चित्रं लागली. मग ती ओटावात गेली, दारू आणि बेघरपणात अडकली, रस्त्याकडेला बसून चित्रं काढून थोडक्या डॉलरांना विकू लागली. १९ सप्टेंबर २०१६ रोजी रिडो नदीत तिचा मृतदेह सापडला. वय ४७. मृत्यू कसा झाला याचा उलगडा आजवर झालेला नाही. त्या बातमीखाली शहराच्या पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याने इनुइटांबद्दल वंशद्वेषी शेरे लिहिले. त्याला शिक्षा झाली, काही महिन्यांच्या पदावनतीची. आता ओटावात तिच्या नावाची बाग आहे. तिचे सगळे भोग बाजाराच्या माथी मारणं खोटेपणाचं होईल. पण ज्या काळात ती पदपथावर चित्रं विकत होती, त्या काळातही तिची जुनी चित्रं कुणाच्या तरी संग्रहात किंमत मिळवत होती, हे वास्तव डोळ्यांआड करता येत नाही.

ॲनीची मामेबहीण शुविनाइ आशूना, पिट्सिओलाकचीच नात, १९६१ ची. तिचं जग अगदी निराळं. काळ्या पेनाच्या बारीक रेघा, त्यावर रंगीत पेन्सिल. निळेहिरवे पृथ्वीचे गोल, त्यांना कवटाळणारी माणसं, माणसांत मिसळलेले प्राणी, आठ पायांचे जीव आणि त्यांच्यामध्ये उभी किंगाइतची साधी लाकडी घरं. तिथे अस्वलही भेटतं, पण आपण मागवलेलं नव्हे. २०२२ साली व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात परीक्षकांनी तिचा खास उल्लेख केला. केनोजुआक २०१३ साली गेली, ॲनी २०१६ साली, ओविलू त्यांच्या मध्ये, २०१४ साली. शुविनाइ आहे. किंगाइतच्या स्टुडिओत टेबलावर लांब कागद पसरून काम करते आहे. आज पहिल्यांदा विकला जाणारा तिचा कागद दहा वर्षांनी दुसऱ्यांदा विकला जाईल, तेव्हा त्याचा वाटा तिच्या हातात पडावा. वारसांच्या नावाने नको, तिच्याच नावाने.